शनिवारची बाटली

न्हाणीघरात शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला, तसे आबा खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजच्या दारातली बाटली त्यांनी अलगद बाहेर काढली. खिडकीपाशी नेऊन त्यांनी ती उजेडासमोर धरली. काच गडद तपकिरी होती, पण ऊन थेट येत असल्यामुळे आतल्या बिअरची पातळी नीट दिसत होती. त्यांनी बाटली डोळ्यांच्या रेषेत आणली, एक डोळा मिटला आणि बाटलीची मान जिथे सुरू होते तिथून वर आडवी बोटं लावून पाहिली. दोन बोटं आणि वर थोडं. गेल्या शनिवारी पुरी तीन भरली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी जेमतेम दीड.

आबांनी परत एकदा मोजून पाहिलं. बोटं तीच होती, डोळाही तोच.

शॉवर थांबला. त्यांनी बाटली होती तशी, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची होडी बाहेरच्या बाजूला करून, जागेवर ठेवली आणि फ्रीजचं दार इतक्या हळू लावलं की दिवा विझल्याचंही त्यांना फटीतून दिसलं. सून केस पुसत बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"आबा, पेपर कालचा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. राहिलं होतं थोडं."

तिने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग फ्रीजमधली बाटली आणि कपाटातला उंच ग्लास घेऊन ती गॅलरीत गेली. बुचावरचा तारेचा चाप निघाल्याचा तो बारीक आवाज आला. दर शनिवारी पाचच्या सुमाराला येणारा. त्यानंतरचा तासभर सून कुणाची नसायची. पाय समोरच्या स्टुलावर, ग्लास हातात, आणि नजर समोरच्या छपरांवरून कुठेतरी पलीकडे. पहिल्या घोटाला डोळे मिटायची. शेवटच्या घोटापर्यंत चेहऱ्यावर एक असं समाधान असायचं, की आबांना घरात वावरतानाही पाय न वाजवता चालावंसं वाटायचं.

या समाधानाशी आबांचं काही वाकडं नव्हतं. निदान दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तरी नव्हतं.

आबांनी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. तागडीच्या तळाला चिकटवलेलं मेण, आतून पोचा आणलेलं लिटरचं माप, वजनाच्या पोटातून काढून घेतलेलं शिसं, हे सगळं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की सरळ दिसणाऱ्या वस्तूवर त्यांचा आधी विश्वासच बसत नसे. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदारांचे खोकले सुरू व्हायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी भाजीवाले अजून त्यांना "काटासाहेब" म्हणत आणि न सांगता एक टोमॅटो वर टाकत. तो टोमॅटो आबा परत करत.

घरात माणसं दोन. ते आणि सून. मुलगा चार वर्षांपूर्वी गेला, तीन आठवड्यांच्या आजारात. त्यानंतर सून माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, आबांनीसुद्धा. ती गेली नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी ती सकाळी उठली, डबा भरला आणि कामावर गेली. एका दंतवैद्यकीय प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी भुकटी असायची, आणि बोटांना मेणाचा वास. ती राहिली कशी, याबद्दल दोघांमध्ये कधी बोलणं झालं नाही. ती राहिली, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात आबांच्या लेकीने हट्ट धरून वहिनीला आठ दिवस बाहेर नेलं. चार तासांवर डोंगरात एक तळं आहे, त्याच्या काठचं छोटं गाव. सून आली ती जरा सावळी होऊन, आणि पिशवीत कपड्यांच्या मधोमध गुंडाळलेली एक बाटली घेऊन. चिनी मातीचं पांढरं बूच, तारेचा चाप, चिठ्ठीवर होडी.

"तिथली बिअर आहे," तिने सरळ सांगितलं होतं. "आवडली मला. तुम्हाला चालेल ना?"

"मला काय चालायचंय? पिणार तू," आबा म्हणाले होते. स्वतः ते घेत नसत. पण मुलगा आणि ती कधीमधी घेत, आणि त्यांनी त्यावर कधी भुवई उचलली नव्हती.

तेव्हापासून दर शनिवारी ती बाटली. आबांना वाटलं, मिळत असेल आता इथेही. हल्ली काय, सगळीकडे सगळं मिळतं.

मग दोन महिन्यांपूर्वी तिचा वाढदिवस आला. चार वर्षांत तिच्यासाठी आपण कधी काही आणलं नाही, असं आबांच्या मनात आलं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून दारूच्या दुकानात गेले. होडीच्या चिठ्ठीची बिअर मागितली. दुकानदाराने ऐकली नव्हती. दुसऱ्या दुकानात गेले, तिसऱ्या. तिसरा दुकानदार जाणकार निघाला.

"काका, ती इथे कुठली? तळ्यावर एक जण घरच्या घरी बनवतो. जेवढी बनवतो तेवढी तिथेच संपते. बाहेर पाठवतच नाही तो."

"पण आमच्याकडे येते दर आठवड्याला."

"मग कुणीतरी आणून देत असेल," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कुणीतरी. आबा तो शब्द घेऊन घरी आले. वाढदिवसाला त्यांनी तिला छत्री दिली.

त्या दिवसापासून त्यांचं डोकं जुन्या वळणावर धावायला लागलं. चार तासांवरून दर आठवड्याला एक बाटली येते. टपालाने येत नाही, पोस्टमन त्यांच्याच हातात पत्रं देतो. म्हणजे माणूस येतो. कधी? मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा आबा वाचनालयात, सून कामावर, घर रिकामं; तिने कुणाला किल्ली दिली असेल तर? आणि रिकाम्या बाटल्या कुठे जातात? कचऱ्याच्या डब्यात त्यांनी रोज पाहिलं, एकही नाही. म्हणजे जो आणतो तोच परत नेतो. सगळं इतकं व्यवस्थित जुळत होतं की आबांना स्वतःच्याच हुशारीची भीती वाटायला लागली.

एका मंगळवारी वाचनालयात जाताना त्यांनी दाराच्या फटीत खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकवला. गोदामांच्या कुलपांना लावायचे तसा. परत आले तर दोरा जागेवर. शुक्रवारीही जागेवर. पाच आठवडे दोरा जागेवर होता, आणि पाचही शनिवारी बाटली फ्रीजमध्ये होती. कुठेतरी पाणी मुरत होतं खास. मग त्यांनी तिची कामावरून यायची वेळ पाहायला सुरुवात केली. साडेसहा म्हणजे साडेसहा. एकदा सहा पन्नास झाले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"उशीर झाला?"

"एका बाईंची कवळी बसेना. तीनदा घासावी लागली."

आबांनी मान हलवली. उत्तर ठीक होतं. इतकं ठीक, की ते रात्रीच्या जेवणापर्यंत त्या बाईंच्या कवळीचा विचार करत राहिले.

त्यांना राग होता का? ते स्वतःशी म्हणायचे, नाही. तिचं वय काय, अडतीस. कुणी असेल तर असू दे. पण मग रोज संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजली की छातीतलं काहीतरी सैल का पडायचं, याचा हिशेब लागत नव्हता. ती गेली तर चहा एकाच कपाचा टाकायचा. लेकीच्या घरी दोन खोल्या, दोन मुलं, आणि सासू. तिथे आठ दिवसांचा पाहुणा ठीक. आबा हे सगळं मनात आणायचे आणि मग पुन्हा बाटलीचा विचार करायचे. तो सोपा होता.

आणि आता ही पातळी.

यंत्राने भरलेली बाटली अशी चुकत नाही. हाताने बनवणारा असला, तरी विकणारा माणूस एका खुणेपर्यंत भरतो. दीड बोट, तीन बोटं, दोन बोटं, असं भरणारा माणूस विकणारा नसतो. शिवाय बुचाच्या कडेला एक टवका उडाला होता, डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो गेल्या शनिवारीही डावीकडेच होता.

पुढच्या शनिवारी ती दुपारी दीडला कामावरून आली. जेवणं झाली. अडीचला आबा रोजच्यासारखे आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. घोरण्याचं सोंग करणं अवघड असतं, पण ते त्यांनी बऱ्यापैकी साधलं. पाऊण तास गेला. मग तिच्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज, स्वयंपाकघराकडे जाणारी पावलं. आबा उठले आणि दाराच्या कडेला उभे राहिले.

सून ओट्यापाशी पाठमोरी होती. समोर ती बाटली, धुऊन लख्ख केलेली, रिकामी. तिने कामाच्या पिशवीतून बिअरचा एक साधा कॅन काढला, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो, आणि बाटली तिरकी धरून काचेच्या कडेकडेने सावकाश ओतायला लागली. फेस वर आला की थांबायची, वाट पाहायची. कवळीच्या साच्यात मेण ओततानाही ती अशीच थांबत असणार. भरून झाल्यावर तिने बूच बसवलं, चाप दाबला, चिठ्ठीवरून अंगठा फिरवून तिचा सुटत चाललेला कोपरा चिकटवला. बाटली फ्रीजमध्ये गेली. कॅन पिशवीत.

आबा येऊन परत भिंतीकडे तोंड करून पडले.

आधी त्यांना हसू आलं. दोन महिने त्यांनी एका चोराचा पाठलाग केला होता, आणि चोर नव्हताच. कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. बाटली एकच होती, पहिलीच. पण हसू विरलं तसं त्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं. बिअर आवडली म्हणून माणूस बिअर पितो. साधी बिअर जुन्या बाटलीत भरून, चिठ्ठी जपून, वर्षभर कशाला पीत बसेल?

संध्याकाळी ती गॅलरीत बसलेली असताना त्यांनी खाली जाऊन, रस्त्यापलीकडच्या बाकावरून लेकीला फोन लावला.

"तळ्यावर काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही दोघी गेला होतात तेव्हा."

मागे तिची मुलं भांडत होती. मग दार लागल्याचा आवाज आला आणि भांडण लांब गेलं.

"आबा, मी तिची चुगली करणार नाही."

"चुगली नको करू. झालं ते सांग."

"तुम्ही रागावणार."

"मी रागावलो तर तुझा फोन तुझ्या हातात आहे. ठेवून दे."

मग तिने सांगितलं. ज्याची ती बिअर, त्याचं तळ्याकाठीच छोटं दुकान आहे, सहा टेबलांचं. पहिल्या दिवशी दोघी सहज गेल्या. आठ दिवसांत सहा संध्याकाळी तिथेच गेल्या. वहिनी हसायला लागली होती, लेक म्हणाली, मोठ्याने. दादा गेल्यापासून तसं हसताना पाहिलं नव्हतं. माणूस चांगला होता, एकटा होता. शेवटच्या दिवशी त्याने तिला विचारलं. सरळ, लग्नाचं.

"मग?"

"नाही म्हणाली."

"का?"

"आबा," लेक म्हणाली, "आता ते मी सांगायला हवं का?"

आबांनी फोन खिशात ठेवला. वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सुनेची स्टुलावर ठेवलेली पावलं तेवढी दिसत होती.

बुधवारी सकाळी ती कामावर गेल्यावर आबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ऑफिसातला जुना मित्र आजारी आहे, दिवसभर त्याच्याकडे. आठच्या बसने निघाले आणि बाराच्या सुमाराला तळ्यावर उतरले.

दुकान शोधावं लागलं नाही. होडीची पाटी होती. आत दोन मोठ्या टाक्या, सहा टेबलं, आणि काचेतून थेट पाणी दिसत होतं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पंचेचाळिशीचा, रुंद मनगटांचा एक माणूस काठी टेकत पुढे आला. उजव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी बांधलेली होती.

"बसा ना. हळू येतो, राग मानू नका. गेल्या रविवारी पिंप निसटलं पायावर."

"सावकाश," आबा म्हणाले. "एक ग्लास द्या. लहान असेल तर लहान."

ग्लासावर भरण्याची रेघ होती. माणसाने नळाखाली ग्लास धरला, फेस रेघेवर आला तसा थांबला, फेस बसू दिला, पुन्हा भरला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा बिअर बरोबर रेघेला टेकली तेव्हाच त्याने ग्लास टेबलावर ठेवला. आबा हे सगळं पाहत होते. चौतीस वर्षांत फेसासकट माप भरणारेच त्यांना जास्त भेटले होते. त्यांना जरा वाईट वाटलं. माणूस लबाड निघाला असता तर परतीची बस पकडणं सोपं गेलं असतं.

त्यांनी एक घोट घेतला. कडू होती, मग मागून भाजलेल्या पावाच्या कडेसारखी काहीतरी चव आली. वाईट नव्हती.

"मी तिचा सासरा," ते म्हणाले.

कोणाचा, हे त्या माणसाने विचारलं नाही. त्याने हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि समोरची खुर्ची ओढून बसला, दुखरा पाय लांब करून.

"तुम्ही विचारलं होतंत. ती नाही म्हणाली," आबा म्हणाले. "का म्हणाली?"

"ते त्यांना विचारा."

"तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मग?"

"मला सांगितलेलं माझ्यापाशी." तो रागावून बोलला नाही. "तुम्ही एवढे लांब आलात, तुमचा मान आहे. पण ते नाही सांगता येणार."

अशी माणसं आबांना नोकरीत फार त्रासाची वाटायची. कागद दाखवतात, काटा दाखवतात, पण शेजाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

"माझा विषय निघाला होता का, एवढं सांगा."

माणसाने तळ्याकडे पाहिलं. "तुमच्याबद्दल त्या खूप बोलायच्या. तुम्ही बाजारात गेलात की लोक कसे खोकतात, ते. नक्कल फार छान करतात."

"ते विचारत नाहीये मी."

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

त्यानंतर बोलायला फारसं उरलं नाही. तो पावसाबद्दल बोलला, तळ्याच्या पाण्याबद्दल. आबांनी ग्लास संपवला. उठताना तो म्हणाला, "थांबा, दोन बाटल्या देतो बरोबर."

"नको," आबा म्हणाले. "घरी आहे."

माणूस काठीवर जरा वाकला, पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचायला. त्या कामाला त्याला बराच वेळ लागला.

परतीच्या बसमध्ये आबांना एक गोष्ट डाचत राहिली. माणूस सरळ होता, मापाचा होता, सगळं खरं. पण दीड तासात त्याने एका शब्दाने विचारलं नाही, की ती कशी आहे. ज्या बाईला लग्नाचं विचारलं, तिचा सासरा समोर बसलाय, आणि कशी आहे म्हणून विचारावंसं वाटू नये? कोरडा आहे, आबांनी ठरवलं. बरंच झालं मग. पण बरं वाटलं नाही. अर्ध्या रस्त्यात ते तिच्या वतीने चिडले, आणि उरलेला अर्धा रस्ता कशाच्या वतीने, ते त्यांनाच कळेना.

घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. सून आलेली होती. कोपरापर्यंतची भुकटी अजून तशीच होती. ती दार उघडून तिथेच उभी राहिली.

"कसे आहेत तुमचे मित्र?"

"आहे बरा. ताप उतरलाय."

"उतरणारच. सकाळी मला बसथांब्यावर भेटले. सायकलवर होते."

आबा चप्पल काढत होते. एक निघाली, दुसरी पायातच राहिली. सून जवळ आली, वाकली, आणि नाकाने हवा ओढून घेतली, एकदाच. मग ताठ झाली.

"आबा, तुम्ही बिअर प्यायलात?"

"थोडी."

"कुठली?"

तिने डोळे बारीक केले. चौतीस वर्षं आबा ज्या बाजूने बघत आले होते, त्या बाजूने आज त्यांच्याकडे कुणीतरी बघत होतं, आणि अशा वेळी दुकानदार पायांकडे का बघायचे ते त्यांना समजलं.

ते खुर्चीत बसले आणि सगळं बोलले. छत्रीच्या आधीची ती तीन दुकानं. दोरा. कचऱ्याचा डबा. बोटांनी मोजलेली पातळी, सोंगाचं घोरणं, कॅन. लेकीचं नाव शक्यतो मागे ठेवून तिने सांगितलेलं. आणि आजची बस. बोलताना ते मध्ये मध्ये थांबत होते, ती ओरडेल म्हणून. ती ओरडली नाही. दोऱ्यापाशी तिने तोंडावर हात ठेवला.

"चार आठवडे दोरा लावत होतात?"

"पाच," आबा म्हणाले.

ती हसली. मग हसू थांबलं आणि ती समोर बसली.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. काही सांगत नाही तो. तुलाच विचार म्हणाला." आबांनी हातातल्या हातात बोटं गुंफली. "तर विचारतो. माझ्यामुळे नाही म्हणालीस?"

"नाही हो."

"खरं सांग."

"आबा," ती म्हणाली, "जन्मभर लोकांची वजनं तपासलीत, आणि स्वतःचं मात्र जरा जास्तच धरता. मला नव्हतं जायचं. माझं काम इथे आहे, घर आहे. बिअर आवडली, बाटली आवडली. बस्स. सगळ्या गोष्टींच्या तळाला मेण नसतं चिकटवलेलं."

हे तिने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आवाज हलला नाही. आबांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याबरोबर थोडा अपमानही वाटला. आपण कुणाच्या आड येत नव्हतो, इतके मोठेही आपण नव्हतो. दोन्ही एकदम गिळून त्यांनी दुसरी चप्पल काढली.

"जेवायला वाढते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुटला. ती हात धूत असावी, भुकटी निघायला वेळ लागतो. आबा डोळे मिटून टेकून बसले.

पाण्याच्या आवाजावरून तिचा आवाज आला, सहज, ताटं कुठली घेऊ असं विचारावं तसा.

"पाय कसा आहे त्यांचा?"

आबांनी डोळे उघडले.

पायाचं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. काठीचं नाही, पट्टीचं नाही. पिंप निसटलं ते गेल्या रविवारी, आणि ती तळ्यावर होती गेल्या उन्हाळ्यात. माणसाने ती कशी आहे म्हणून विचारलं नव्हतं. त्याला विचारायची गरजच नव्हती.

आतला नळ चालूच होता. तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आता आलं होतं आणि ती वाट पाहत होती. आबांच्या जिभेवर प्रश्न तयार होता, धारदार, नेमका. असल्या एका प्रश्नावर त्यांनी अख्खी गोदामं उघडायला लावली होती.

"बरा होतोय," ते म्हणाले. "काठी घेऊन चालतो. पण ती पिंपं जड असतात. हाताखाली कुणी दिसलं नाही. एकटाच आहे."

नळ बंद झाला. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

आबांनी काढलेल्या चपला जोडीने कडेला लावल्या.

"काय गं, तुला शनिवार-सोमवार जोडून रजा मिळते का?"

"कशाला?" ती आतूनच म्हणाली. त्या एका शब्दात संशय काठोकाठ भरलेला होता.

"विचारलं आपलं," आबा म्हणाले.